मेस्त्रीकाकांची थंडी

मेस्त्रीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जुलै महिना होता. अबुधाबीतल्या मुसाफ्फाच्या रस्त्यावरचं डांबर बुटांना चिकटत होतं, आणि हा गृहस्थ अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी अशा थाटात आइसक्रीमच्या फ्रीजरमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभा होता. फ्रीजर खराखुरा आइसक्रीमचाच होता. त्याच्या दारावर कोन आणि कुल्फ्यांची विटलेली चित्रं होती. मी नोकरीवर त्याच दिवशी रुजू झालो होतो, त्यामुळे गप्प उभा राहिलो. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला गोडाची हौस असते, आपण पहिल्याच दिवशी कशाला नाक खुपसा. तेवढ्यात त्यांनी आतून आइसक्रीम नव्हे, एक लांबलचक रायफल बाहेर काढली. तिच्यावर पांढरं हिव चढलं होतं. त्यांनी ती कानाजवळ धरून चाप ओढला, मान हलवली आणि परत आत ठेवून दिली.

आमचं दुकान शिकारीच्या बंदुका विकायचं आणि दुरुस्त करायचं. परवाने, विमानतळाच्या परवानग्या, कस्टमचे कागद हे माझं काम, आणि मागच्या वर्कशॉपमधलं सगळं मेस्त्रीकाकांचं. आमची गिऱ्हाइकं बहुतेक इथलीच, पिढीजात शिकारीची आवड असलेली. पण इथल्या वाळवंटात शिकारीला बंदी. म्हणून थंडी सुरू झाली की ही मंडळी किर्गिस्तान, मंगोलियाच्या डोंगरात जायची, जिथे पारा शून्याखाली वीस-पंचवीस उतरतो. इथे पन्नास डिग्रीत जन्म काढलेली रायफल तिथे नेली की चाप ओढावा आणि काहीच घडू नये, असं व्हायचं. तसं होऊ नये हे पाहणारा माणूस म्हणजे मेस्त्रीकाका. आणि त्यांनी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो त्या फ्रीजरच्या भिंतीवर.

ते कुडाळकडचे. वडील गावातल्या शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. डुकरं भातात घुसतात, म्हणून तिकडे पीक राखायला बंदुकीचा परवाना असतो. त्या बंदुका पावसाने गंजायच्या, आणि ओसरीवर बसून वडिलांच्या शेजारी गंज खरवडता खरवडता काका हे सगळं शिकले. पुढे कुणाच्या तरी ओळखीने अबुधाबीत आले आणि राहिले. मालवणी त्यांनी कधी सोडली नाही. माझ्याशी मालवणी, गिऱ्हाइकांशी त्यांची स्वतःची हिंदी, आणि रायफलीशी बोलायचे तेही मालवणीतच. मला ते 'सायबानू' म्हणायचे. मी साधा क्लार्क, त्यामुळे त्या हाकेत मान किती आणि चेष्टा किती हे मला आठ वर्षांत ठरवता आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, की लोखंडाला थंडीचं एवढं काय. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"लोखंडाक थंडी वाजणा नाय, सायबानू. थंडी वाजता ती तेलाक."

मग म्हणाले, डिसेंबरात तुमच्या घरी खोबरेल तेलाच्या बाटलीचं काय होतं, ते आठवा. बाटली उन्हात ठेवायला लागते की नाही? बंदुकीच्या पोटातलं तेल तसंच घट्ट होतं. आतली पिन स्प्रिंगच्या जोराने पुढे धावून काडतुसाच्या बुडावर बसली पाहिजे. ती त्या घट्ट तेलातून वाट काढत म्हाताऱ्यासारखी जाते आणि टिचकी मारून थांबते. इथे दमट हवेत, खाऱ्या वाऱ्यात बंदूक वाचवायची तर तेल पाहिजेच, म्हणून लोक प्रेमाने तेल चोपडतात. तेच प्रेम तिथे डोंगरात नडतं.

म्हणून ऑक्टोबर लागला की काका रायफलींचं तेल उतरवायचे. बोल्ट, म्हणजे पिन आणि स्प्रिंग पोटात घेऊन मागेपुढे सरकणारा दांडा, पूर्ण उघडायचा, तुकडा न् तुकडा स्पिरिटने धुवायचा, जुन्या मलमलीने पुसायचा. शेवटी शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखी ग्राफाइटची काळी पूड बोटाच्या टोकावर घेऊन जिथे धातू धातूवर घासतो तिथे लावायची, तीही कुंकवाइतकी. मग रायफल रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी जाड हातमोजे चढवून, खोटं काडतूस घालून दहा वेळा चाप. डोंगरात माणूस हातमोजे घालून असणार, त्याला सेफ्टीचा खटका सापडला पाहिजे, चापात बोट गेलं पाहिजे. काकांचा कान या कामात इतका तयार होता की ते फ्रीजरकडे पाठ करून, मला चाप ओढायला लावून, सातव्या वेळी पिन किंचित मंदावली हे सांगायचे. मला दहाही आवाज सारखेच वाटायचे. त्यातल्या एका आवाजासाठी ते सबंध बोल्ट पुन्हा उघडायचे.

नळीच्या तोंडात बर्फ जाऊ नये म्हणून ते तिच्यावर फुगा चढवायचे. हो, वाढदिवसाचा फुगा. त्यांच्या मते फुग्याचं रबर सगळ्यात चांगलं. गोळी सुटली की आपोआप फाटतं. त्यामुळे दर वर्षी माझ्या खरेदीच्या यादीत 'फुगे, दोन पाकिटं' असायचं, आणि आमचा मॅनेजर दर वर्षी मला बोलावून विचारायचा, की ही कोणाची पार्टी आहे. मॅनेजर कामाला चोख माणूस होता. पण काकांची साठी उलटली होती, त्यांचा व्हिसा आता वर्षावर्षाने वाढवावा लागायचा, आणि दर वेळी मालकापुढे कारण मांडावं लागायचं. काकांच्या जागी मशिनवर शिकलेला एखादा तरुण टेक्निशियन आणावा असं त्याच्या मनात होतं, आणि तो ते लपवतही नव्हता.

मी एकदा काकांना म्हटलं, झालं की आता, जा गावी, मुलाचं मोबाइलचं दुकान चांगलं चाललंय, काकू वाट बघतायत. ते म्हणाले, "गावाक जावन काय करतलंय? माड मोजतलंय?" गावात आता ठासणीच्या बंदुका उरल्याच नव्हत्या. हात चालतायत तोवर त्यांना इथे राहायचं होतं, त्या फ्रीजरजवळ. दुसरी कसलीच हाव मला त्यांच्यात दिसली नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा हेवाच वाटायचा. मी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटमधून रोज घड्याळ बघत यायचो आणि घड्याळ बघत जायचो. माझी मुलगी एकदा दुकानात आली होती. तेव्हापासून ती मला ऑफिस कसं झालं हे विचारत नाही, "हाऊ इज फ्रीजर अंकल?" एवढंच विचारते.

काकांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे बू सालेम. रास अल खैमाच्या डोंगराकडचा सत्तरीचा माणूस, दाढी पांढरी, पाठ ताठ. त्याच्या वडिलांची रायफल त्याच्याकडे होती, लाकडी दस्त्याची, आणि दर हिवाळ्यात तो ती घेऊन किर्गिस्तानात डोंगरी बकऱ्याच्या मागे जायचा. काकांचं आणि त्याचं पहिलं वर्ष भांडणातच गेलं होतं. काकांच्या चिठ्ठीवरून. तयार केलेल्या प्रत्येक रायफलीच्या चापाला काका एक चिठ्ठी बांधत. ते मालवणीत सांगत, मी इंग्रजीत लिही, आणि दुकानातला इजिप्शियन सेल्समन तिचं अरबी करी. तेल लावू नका, फुगा काढू नका, आणि रायफल गरम तंबूत नेऊ नका, बाहेरच राहू द्या.

हे शेवटचं बू सालेमला पटेना. हत्यार बाहेर थंडीत आणि माणूस आत शेकोटीपाशी, हे कुठल्या मर्दाला शोभतं, असं त्याचं म्हणणं. तो वडिलांची रायफल उशाशी घेऊन झोपणारा माणूस होता. काकांनी वाद घातला नाही. ऑगस्टची दुपार होती. ऑफिसात एसी अठरावर. त्यांनी बू सालेमला गहवा, म्हणजे इथली वेलचीची कॉफी, पाजली, पंधरा मिनिटं गप्पांत बसवलं आणि मग म्हणाले, यल्ला, जरा बाहेर चला. दार उघडून अंगणात पाऊल टाकताच बू सालेमच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. तो आंधळ्यासारखा उभा राहिला. काका शांतपणे म्हणाले, हे पाणी आत्ता तुमच्या चष्म्यावर आलं, तेच तंबूत रायफलीच्या पोटात येतं. सकाळी बाहेर काढली की त्याचा बर्फ. बू सालेमने चष्मा काढला, अंगातल्या पायघोळ कंदूऱ्याला पुसला आणि मोठ्याने हसला. त्या वर्षापासून त्याची रायफल तंबूबाहेर झोपू लागली आणि काकांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात जाईनाशी झाली. तिकडून तो बर्फाचे फोटो पाठवायचा. काका ते फोटो माझ्या फोनवर दोन बोटांनी मोठे करून बघायचे, पण बकऱ्याकडे नाही, रायफलीवर हिव किती चढलंय तिकडे.

आणि मग दोन वर्षांपूर्वी जानेवारीत बू सालेम परत आला तो थेट वर्कशॉपमध्ये. रायफल काकांच्या टेबलावर ठेवली. मी गहवा पुढे केला, त्याने कपावर हात ठेवून नको म्हटलं. इथे इतकी वर्षं काढलेल्या माणसाला गहवा नाकारण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तक्रार मिटेपर्यंत इथला पाहुणा कपाला ओठ लावत नाही.

त्याने झालं ते सांगितलं. आठ दिवस डोंगर चढून एक म्हातारा बकरा टप्प्यात आला होता. वारा बरोबर, नेम बरोबर. चाप ओढला, नुसती टिचकी. दुसरं काडतूस, पुन्हा टिचकी. बकरा वळून त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि मग सावकाश निघून गेला. गुडघ्यांमुळे हा त्याचा बहुधा शेवटून दुसराच हिवाळा होता, हे तो आम्हाला आधी बोलला होता. "शुफ, देख मेस्त्री," तो म्हणाला, "मेरे बाप का बंदूक आज तक कभी चुप नहीं बैठा." एवढं बोलून तो उद्या येतो म्हणून गेला.

मॅनेजर दारातच उभा होता. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं आणि उद्यापर्यंत लेखी रिपोर्ट मागितला. चूक कोणाची ते स्पष्ट लिहायचं. मार्चमध्ये मेस्त्रींचं रिन्यूअल आहे, हेही त्याने सहज बोलावं तसं सांगितलं.

काकांनी आधी ती न उडालेली काडतुसं पाहिली. बुडावरचा खड्डा अगदी उथळ, नखाने केल्यासारखा. मग रायफल आहे तशी, काही न उघडता, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी चाप ओढला. या वेळी मलाही कळलं. 'टक' असा कोरडा आवाज यायला हवा, तिथे काहीतरी दबकं वाजलं. काकांनी बोल्ट उघडला, पिन बाहेर काढली, आणि दोन मिनिटांत, लोखंडाने जरा ऊब धरल्यावर, सबंध वर्कशॉपभर वास सुटला.

उदाचा वास. दहन अल ऊद, इथलं घट्ट, काळपट अत्तर. अबुधाबीत कुणी तो ओळखणार नाही असं होत नाही; लिफ्टमधून कोणी पाच मिनिटांपूर्वी गेला असला तरी कळतं. पिनेच्या वाटेत ते काकवीसारखं बसलं होतं.

काकांनी पिन नाकाशी धरली. मग म्हणाले, म्हातारीने लावलंय. बू सालेमची आई नव्वदीची होती. तो प्रवासाला निघाला की ती त्याच्या दाढीला आणि मनगटाला अत्तर लावून, दुआ म्हणून निरोप द्यायची, हे त्यानेच आम्हाला कौतुकाने सांगितलं होतं. या वेळी लेकाचे गुडघे बघून तिला जास्त काळजी वाटली असेल. गोळी कुठून सुटते ते कुणाला तरी विचारून तिने तिथेही बोट टेकवलं असेल. चिठ्ठीत तेल लावू नका असं होतं. अत्तराला तेल कोण म्हणतं?

मला तर हायसं वाटलं. मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि रिपोर्ट लिहिला: दुकानातून रायफल निर्दोष गेली होती. गिऱ्हाइकाच्या घरी बोल्टमध्ये सुगंधी तेल घातल्यामुळे ती बंद पडली. काकांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटचं वाक्य काढायला सांगितलं.

मी चिडलो. म्हटलं, काका, यात खोटं काय आहे? या एका वाक्यावर तुमचा व्हिसा आहे.

"खोटा कायच नाय," ते म्हणाले. "पण त्या म्हातारेक कोणी वाचून दाखवल्यान तर? आपल्या हातान लेकाचा काम बिघडला, ह्या तिका मरासर डसत रवतला."

मी नाही काढलं. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. अकराच्या सुमाराला बू सालेम आला. मॅनेजर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. काकांनी ती पिन पांढऱ्या फडक्यावर ठेवून बू सालेमच्या हातात दिली. त्याने ती जवळ घेतली आणि थांबला. वास ओळखल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, कुणाच्या हाताचा तेही. त्या ताठ माणसाचे खांदे जरासे खाली आले. त्याने मान वर केली नाही.

"अम्मा का दुआ खराब नहीं है, बू सालेम," काका म्हणाले. "दुआ रखने का जगा मैंने नहीं बनाया. वो मेरा गलती."

बू सालेमने पिन टेबलावर ठेवली, काकांकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. रायफल तिथेच राहिली. मॅनेजरने त्यातले फक्त शेवटचे तीन शब्द धरले होते. माझा रिपोर्ट त्याने वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाला, की माणसाने गिऱ्हाइकासमोर स्वतः कबूल केलंय, आता कागदाला काय अर्थ? मार्चनंतर नवा माणूस.

पुढचे नऊ दिवस मी काकांशी धड बोललो नाही. राग आला होता आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्हींचं खापर मी त्यांच्यावरच फोडत होतो. गावाक जायचं नाही म्हणणारा माणूस तीन शब्दांत स्वतःचं तिकीट काढून मोकळा झाला होता. बू सालेमचा फोन नाही, निरोप नाही. काकांनी मात्र त्या रायफलीचा बोल्ट धुतला, फ्रीजरमध्ये ठेवून दहाच्या दहा आवाज कोरडे येईपर्यंत परत परत तपासला. मग कुणी सांगितलेलं नसताना तिच्या लाकडी दस्त्याला हात घातला. पार मागे, खांद्याला टेकतो त्या टोकाच्या थोडं अलीकडे, त्यांनी बोराएवढा खळगा कोरला. आत पितळेची वाटी बसवली, वाटीत लोकरीचा तुकडा, वर सरकणारं पितळी झाकण. तिथून पोलादापर्यंत अत्तर पोचणं शक्यच नव्हतं. मी विचारलं, हे कोणी सांगितलंय? ते म्हणाले, कोणी नाही, जागा राहून गेली होती.

दहाव्या दिवशी दुपारी पांढरी लँडक्रूझर अंगणात उभी राहिली. बू सालेम पुढून उतरला आणि त्याने मागचं दार उघडलं. आत त्याची आई होती, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा बुरखा, हात वाळक्या फांदीसारखे. तो तिला रास अल खैमाहून घेऊन आला होता. तिला कितपत सांगितलं होतं कोण जाणे. बू सालेमने काकांना फक्त रायफल आणायला सांगितली. काकांनी आधी बोल्ट काढून ठेवला आणि मग नुसती रायफल आडवी धरून ते गाडीपाशी गेले. आम्ही सगळे दारात. मॅनेजरही.

म्हातारीने बटव्यातून अत्तराची लहानशी बाटली काढली आणि काकांकडे बघून एवढंच विचारलं, "वेन?" कुठे?

काकांनी अंगठ्याने झाकण सरकवलं. तिने वाकून ती वाटी नीट पाहिली, काचेच्या काडीने लोकरीवर दोन थेंब टेकवले आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. काकांनी झाकण लावलं. तिने हनुवटीने खूण करून त्यांचा हात पुढे मागितला आणि तीच काडी त्यांच्या मनगटावरून पार बोटांपर्यंत ओढली, लेकाला लावत असेल तशी. बू सालेम आत येऊन माझ्या हातचा गहवा उभ्यानेच प्यायला, एकामागून एक तीन कप. गाडी गेल्यावर मॅनेजरने माझ्याकडे न बघता मला मेस्त्रींच्या रिन्यूअलचा फॉर्म काढायला सांगितला.

पुढे त्या रायफलीने डिसेंबरात बकरा मिळवून दिला. काका आणखी एक हिवाळा राहिले आणि मग डोळे साथ देईनात म्हणून स्वतःहून कुडाळला गेले. फोन होतो आमचा. पण ते मला आठवतात ते म्हातारी येऊन गेली त्या दुपारचे. टेबलावर तीन रायफली धुवायला उघडून ठेवलेल्या होत्या, स्पिरिटची बाटलीही उघडीच होती, आणि काका टेबलापाशी उभे राहून आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मी म्हटलं, काका, बेसिनपाशी साबण आहे.

"आज नको, सायबानू," ते म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने बाटलीला बूच लावलं, स्टूल भिंतीशी ओढलं आणि हात गुडघ्यावर पालथा ठेवून पाच वाजेपर्यंत नुसते बसून राहिले.